विश्लेषण : सलामी सरकारची, सांभाळ कोणाचा? निवृत्त पोलीस श्वानांचे पुढे काय होते?

मार्चमध्ये १९९३ च्या स्फोटांची आठवण निघाली की एक फोटो मोबाइलवर हमखास फिरतो. फुलांखाली झाकलेला एक लॅब्रॅडॉर आणि त्याला अखेरची मानवंदना देणारे मुंबई पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी. हा फोटो नोव्हेंबर २००० मधला, श्वानाचे नाव जंजीर. आपण तो पाहतो, दोन हात जोडलेली इमोजी टाकतो आणि पुढच्या ग्रुपवर पाठवतो.

जंजीर सेवेच्या काळातच कर्करोगाने गेला, त्यामुळे त्याच्या म्हातारपणाचा प्रश्न कोणापुढे आलाच नाही. पण बहुतेक पोलीस श्वान असे जात नाहीत. ते थकतात, निवृत्त होतात आणि त्यानंतर काही वर्षे जगतात. त्या वर्षांचा फोटो व्हायरल होत नाही. ती वर्षे कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या घरात जातात, हा खरा प्रश्न आहे. २६/११ च्या हल्ल्यात काम केलेल्या सीझर आणि त्याच्या साथीदारांच्या गोष्टीतून तो नीट समजतो.

सीझर कोण होता?

सीझर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला लॅब्रॅडॉर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन दहशतवाद्यांनी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर (सीएसटी) गोळीबार केला. ते तिथून निघून गेल्यावर पोलिसांपुढे वेगळेच संकट होते. घाबरून पळालेल्या प्रवाशांच्या शेकडो पिशव्या, बॅगा, गाठोडी फलाटांवर पडली होती आणि त्यातल्या कशात काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. त्या पसाऱ्यात सीझरने दोन जिवंत हातबॉम्ब हुडकले. पुढे नरिमन हाऊसच्या तपासणीतही तो होता.

हे काम किती जोखमीचे होते, हे आठवडाभरानंतरच्या एका घटनेने दाखवून दिले. ३ डिसेंबर २००८ रोजी सीएसटीवरच्या बेवारस सामानात आणखी स्फोटके सापडली. तोवर स्थानक सुरू झाले होते आणि लोक त्या सामानाशेजारून ये-जा करत होते. गोळीबार थांबला म्हणजे हल्ला संपला, असे होत नाही. त्यानंतरचे काही दिवस श्वानपथकासाठी सर्वाधिक कामाचे असतात.

त्या दिवसांत सीझरच्या बरोबरीने मॅक्स, सुलतान आणि टायगर हेही राबत होते. ताजमहाल हॉटेलच्या परिसरात आरडीएक्स आणि हातबॉम्ब शोधण्याचे श्रेय मॅक्सला दिले जाते. हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला. हा आकडा आणखी वाढला नाही, यात या चौघांचा वाटा आहे.

निवृत्तीनंतर हे चौघे कुठे गेले?

विरारजवळच्या एका फार्मवर. एका प्राणीप्रेमी महिलेने त्यांचा सांभाळ केला. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेले हे श्वान म्हातारपणीही एकत्र राहिले. मग २०१६ उजाडले. एप्रिलमध्ये मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. सीझर एकटा उरला. साथीदार गेल्यानंतर तो खचल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तोही गेला. तेव्हा तो साधारण ११ वर्षांचा होता.

सात महिन्यांत चौघे संपले. प्रत्येक वेळी बातमी आली, श्रद्धांजली वाहिली गेली. पण या बातम्यांतली एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटली. शहरासाठी स्फोटके हुंगणाऱ्या या श्वानांना म्हातारपणी आसरा मिळाला तो एका खासगी व्यक्तीच्या चांगुलपणामुळे. ती व्यक्ती नसती तर काय झाले असते, याचे उत्तर व्यवस्थेकडे तयार असायला हवे.

जंजीरचे काम एवढे मोठे का मानले जाते?

जंजीरचा जन्म जानेवारी १९९२ मधला. पुण्यात प्रशिक्षण घेऊन तो डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या पथकात आला. नाव पडले अमिताभ बच्चन यांच्या १९७३ च्या चित्रपटावरून. कामाला लागून तीन महिनेही झाले नव्हते, तोच १२ मार्च १९९३ ला मुंबई साखळी स्फोटांनी हादरली. २५७ जणांचा बळी गेला. पुढच्याच काही दिवसांत धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटके जंजीरने शोधली. ही जागा पोलीस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे.

त्याच्या नावावर असलेली एकूण कामगिरी अशी सांगितली जाते : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला आणि इतमामात त्याला निरोप देण्यात आला. तेव्हा तो नऊ वर्षांचाही नव्हता.

श्वान नेमके काय हुंगतो?

माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. लॅब्रॅडॉरसारख्या श्वानात त्यांची संख्या २० कोटींच्या पुढे जाते. पण फरक फक्त संख्येचा नाही. श्वान हुंगतो तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत-बाहेर करतो. बाहेर जाणारा श्वास नाकपुडीच्या कडेच्या फटींतून निघतो, त्यामुळे समोरून येणाऱ्या वासात तो मिसळत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर, गोंगाटातून नेमका सिग्नल वेगळा काढणारा हा सेन्सर आहे.

आरडीएक्सची गंमत अशी की त्याची वाफ जवळपास होतच नाही. मग श्वानाला वास कशाचा येतो? हे स्फोटक तयार करताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकाचा अंश त्यात उरतो. प्लास्टिक स्फोटकांमध्ये तर ती ओळखू यावीत म्हणून मुद्दाम एक रसायन मिसळले जाते. श्वान अशा सोबतच्या गंधांचा मिळून एक ठसा लक्षात ठेवतो. आपल्याला फोडणीचा घमघमाट येतो. त्यातली मोहरी, हिंग आणि कढीपत्ता श्वान वेगवेगळे ओळखतो.

प्रशिक्षणात त्याला स्फोटकांविषयी काहीच शिकवलेले नसते. हा वास सापडला की आवडता चेंडू मिळतो, एवढेच त्याला कळते. त्याच्या लेखी हा खेळ असतो. बॉम्बशोधक श्वानाला भुंकायची किंवा पंजाने उकरायची मुभा नसते, कारण त्या धक्क्याने स्फोट होऊ शकतो. वास सापडला की त्याने शांतपणे खाली बसायचे. आपण मृत्यूपासून वीतभर अंतरावर बसलो आहोत, याची त्याला कल्पना नसते. ती कल्पना दोरीचे दुसरे टोक धरलेल्या हस्तकाला असते.

मग श्वान थकतो कशाने?

श्वानाला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत शरीर थंड करतो. धापा टाकणे आणि बारकाईने हुंगणे ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यातल्या दमट दुपारी श्वान लवकर थकतो आणि त्याला थोड्या थोड्या वेळाने विश्रांती द्यावी लागते. गणेशोत्सव, व्हीआयपी दौरा, सामना किंवा धमकीचा निनावी फोन, काहीही असले तरी पहिली हाक श्वानपथकाला जाते. बहुतेक वेळा काही सापडत नाही. मात्र सापडणार नाही असे गृहीत धरून हुंगता येत नाही.

साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयात श्वानाला निवृत्त केले जाते. तोवर खुब्याचे सांधे धरलेले असतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागतो, वजन वाढते, कामातले लक्ष कमी होते. लॅब्रॅडॉर साधारण १० ते १२ वर्षे जगतो. म्हणजे निवृत्तीनंतर दोन-तीन, क्वचित चार वर्षे उरतात. नेमक्या याच काळात औषधे, तपासण्या आणि सुश्रूषेचा खर्च सर्वाधिक असतो.

हस्तकच घरी का नेत नाही?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो. श्वान आणि हस्तक यांचे नाते नोकरीपुरते नसते. प्रशिक्षणापासून दोघे एकत्र असतात. खाऊ घालणे, अंघोळ, फिरवणे, औषध, सगळे हस्तकच करतो. श्वान हुकूम ऐकतो तोही त्याचाच. निवृत्तीच्या दिवशी अनेक ठिकाणी हस्तकाच्या डोळ्यांत पाणी दिसते ते उगाच नाही.

पण हस्तक बहुतेकदा शिपाई किंवा हवालदार असतो. त्याचे घर कसे असते, ते पाहा. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पोलिसांच्या पिढ्या राहिल्या. अशा खोलीत चार-पाच माणसांच्या कुटुंबात तीस किलोचा आजारी श्वान ठेवायचा कुठे? त्यात बदलीची टांगती तलवार. शिवाय पथकात लगेच नवे पिल्लू येते आणि हस्तकाचा सगळा दिवस त्याच्या मागे जातो. त्याला म्हातारा श्वान नेण्याची इच्छा असते, पण जागा, वेळ आणि पैसा या तिन्हींची ओढाताण होते. हा खर्च एका शिपायाच्या पगारावर टाकून मोकळे होणे म्हणजे जबाबदारी झटकणेच आहे.

कागदावर श्वानाचे स्थान काय?

श्वान पथकात असतो तोवर त्याचा आहार, औषधोपचार, निवारा हा सगळा खर्च सरकारी असतो. निवृत्तीला सरकारी बोलीत ‘कास्टिंग’ म्हणतात. म्हणजे जनावर सेवेसाठी अपात्र ठरवून नोंदीतून काढणे. माणूस निवृत्त झाला की त्याची पेन्शनची फाइल उघडते. श्वान निवृत्त झाला की त्याची फाइल बंद होते.

न्यायालयातही त्याचे काम थेट नोंदले जात नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये माग काढणाऱ्या श्वानाच्या पुराव्याला फारसे वजन देता येणार नाही, असे म्हटले होते. कारण साधे आहे. श्वानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही सावधगिरी योग्यच. श्वान चुकू शकतो आणि त्याच्या चुकीपायी निरपराध माणूस अडकता कामा नये. पण त्याचा परिणाम असा की श्वानाने तपासाला दिशा दिली, तरी शिक्षा इतर पुराव्यांवर होते आणि निकालपत्रात त्याचा वाटा लहानसाच राहतो. त्याची कामगिरी उरते ती पथकाच्या नोंदवहीत आणि हस्तकाच्या आठवणीत.

बीडच्या रॉकीची आठवण

हा विषय फक्त मुंबईचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बीड पोलिसांचा श्वान रॉकी आजारपणाने गेला. पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला आणि ३०० हून अधिक प्रकरणे सोडवायला त्याने मदत केल्याचे सांगितले.

रॉकीच्या वाट्याला २६/११ सारखा प्रसंग नव्हता. जिल्हा पथकातल्या श्वानाचे काम वेगळे असते. घरफोडी, चोरी, खून. पहाटे गावातून फोन येतो, गाडी निघते आणि लोकांची गर्दी जमून माग पुसण्याआधी श्वानाला घटनास्थळी पोहोचवायचे असते. ज्याच्या घरी चोरी झाली, त्या शेतकऱ्यासाठी हा श्वानच पोलीस तपासाचा दिसणारा चेहरा असतो. असे रॉकी राज्यात अनेक आहेत. त्यांची नावे आपल्याला कळतात ती ते गेल्यावर, तीही कळलीच तर.

देशात इतरत्र काय केले जाते?

फार जुन्या नव्हे, २०१५ मधल्या गोष्टीपासून सुरुवात करू. कामाला अपात्र ठरलेल्या लष्करी श्वानांना इंजेक्शन देऊन कायमचे झोपवले जाते, हे तेव्हा माहिती अधिकारातून समोर आले. देशभर संताप उसळला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि केंद्राला ही पद्धत बदलण्याच्या दिशेने पावले टाकावी लागली. म्हणजे देशासाठी राबलेल्या श्वानाला म्हातारपण मिळावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे दशकभरापूर्वी न्यायालयात न्यावा लागला होता.

त्यानंतर चित्र काही प्रमाणात बदलले. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये पोलीस श्वानांसाठी स्वतंत्र ‘के-नाइन’ कक्ष सुरू केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्ली मेट्रोची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने आपल्या सात श्वानांना समारंभपूर्वक निवृत्त केले, पदके दिली आणि सांभाळासाठी प्राणिमित्र संस्थेकडे सोपवले. केरळ पोलिसांनीही २०१९ मध्ये त्रिशूरच्या पोलीस अकादमीत निवृत्त श्वानांसाठी ‘विश्रांती’ नावाचे घर उभारले. नाव मराठी माणसालाही समजावून सांगावे लागत नाही.

या दोन पद्धतींमध्ये महत्त्वाचा फरक आहे. संस्थेकडे सोपवणे सोपे आणि स्वस्त असते, पण त्या संस्थेची जागा आणि देणग्या आटल्या की श्वान पुन्हा उघड्यावर. पोलिसांच्याच आवारातले घर खर्चिक असते, मात्र तिथे पशुवैद्य, ओळखीची माणसे आणि रोजची सवय तशीच राहते. शिवाय हस्तकाला जाता-येता आपल्या जुन्या जोडीदाराला भेटता येते.

परदेशात काय स्थिती आहे?

ज्या महिन्यात मुंबईत जंजीर गेला, त्याच नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत ‘रॉबीज लॉ’ नावाचा कायदा मंजूर झाला. तोवर तिथल्या लष्करी श्वानांना काम संपल्यावर घरी नेण्याची सोय नव्हती. रॉबी नावाच्या श्वानाच्या हस्तकाने त्याला दत्तक मागितले, त्यातून चर्चा पेटली आणि कायदा झाला. हस्तकांना आणि इतर पात्र व्यक्तींना श्वान दत्तक घेता येऊ लागले. खुद्द रॉबीला त्याचा फायदा झाला नाही. तो फार आजारी होता आणि काही आठवड्यांतच त्याला झोपवावे लागले.

ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमशायर पोलिसांनी २०१३ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. निवृत्त श्वान घरी नेणाऱ्याला औषधोपचारासाठी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत, तेही तीन वर्षे देण्याची योजना त्यांनी आणली. माध्यमांनी त्याला ‘श्वानांची पेन्शन’ म्हटले. खरे तर ती हस्तकाला दिलेली मदत होती. पोलीस श्वान घरी नेण्याची इच्छा हस्तकाला असतेच, त्याला फक्त बिलाची भीती वाटते, हे त्यांनी ओळखले होते.

मग करायला काय हवे?

यासाठी मोठ्या घोषणांची गरज नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, श्वान पथकात घेतानाच त्याच्या निवृत्तीनंतरच्या तीन-चार वर्षांचा खर्च अंदाजपत्रकात धरणे. पोलीस दल गाडी घेते तेव्हा देखभालीचा खर्च आधीच धरते. श्वान हा तर जिवंत प्राणी आहे आणि त्याचे म्हातारपण अनपेक्षितपणे येत नाही. त्याची तारीख साधारण ठाऊक असते.

दुसरी, दत्तक देताना पहिला मान हस्तकाचा ठेवणे आणि त्यासोबत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आयुष्यभर मोफत उपचाराचे कार्ड देणे. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. पशुवैद्यकीय दवाखाने जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

तिसरी, ज्यांना घर मिळत नाही त्यांच्यासाठी परिक्षेत्रनिहाय एक निवारा. श्वानांची संख्या हजारोंत नाही, त्यामुळे हा बोजा राज्याला पेलवणार नाही असे म्हणता येत नाही. बाहेरच्या कुटुंबाला श्वान द्यायचा असेल तर घराची पाहणी, करारपत्र आणि अधूनमधून तपासणी हवी. स्फोटके हुंगायला शिकलेला श्वान कोणाच्याही हाती देता येत नाही, ही सुरक्षेचीही बाब आहे.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो. माणसांना पेन्शन मिळताना मारामार आहे, कुठे श्वानांचे लाड करता? आक्षेप खोटा नाही. हस्तकाचे घर लहान आहे, त्याच्या ड्युटीला घड्याळ नाही, हे याच लेखात आले आहे. पण श्वानाची सोय केली म्हणून शिपायाचे काही कमी होत नाही. उलट आज जो भार गुपचूप शिपायाच्या किंवा एखाद्या प्राणीप्रेमीच्या खिशावर पडतो, तो ज्याचा आहे त्याच्याकडे जातो. श्वानाने नोकरी मागितली नव्हती. त्याला आपण निवडले, शिकवले आणि स्फोटकांसमोर बसवले. त्याने बदल्यात चेंडू मागितला.

तुरळक का होईना, चांगली उदाहरणेही दिसतात. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कीतील भूकंपात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या श्वानांनी ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग लावला आणि देशभर त्यांचे कौतुक झाले. आपल्याला श्वानांचे प्रेम आहे, यात शंका नाही. मात्र हे प्रेम दोनच वेळा उफाळून येते, पराक्रमाच्या दिवशी आणि मृत्यूच्या दिवशी. मधली वर्षे रिकामी राहतात.

पुढच्या वेळी जंजीरचा तो फोटो तुमच्या मोबाइलवर येईल, तेव्हा तो जरूर पुढे पाठवा. तो त्या मानाला पात्रच आहे. पण त्यासोबत आपल्या जिल्ह्याच्या श्वानपथकातून यंदा कोण निवृत्त झाले आणि ते आता कुठे आहे, एवढे विचारा. सीझरला सीएसटीवर हातबॉम्ब सापडले तेव्हा तो एक शब्दही न काढता खाली बसला होता. म्हातारपणाची तक्रारही त्याने कधी केली नसती. विचारायचे काम आपले आहे.